चौघांचे बोलणे सहा तारांवर: क्लासिकल गिटारवर चेंबर म्युझिकची रूपांतरे

परभणीसारख्या गावात चेंबर म्युझिक वाजवण्याची इच्छा झाली, तर पहिली अडचण माणसांची येते. व्हायोलिन वाजवणारे एखाददुसरे सापडतात, पण तेही बहुधा मांडी घालून, षड्ज-पंचमाच्या जोड्यांत तारा लावून भारतीय पद्धतीने वाजवणारे असतात. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या आवाजाचे) आणि चेलो (त्याहून मोठे, बसून वाजवायचे) ही वाद्ये तर मी गावात आजवर एकदाही पाहिलेली नाहीत. गिटार मात्र गल्लोगल्ली आहे. त्यामुळे तीन-चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना एका किंवा दोन गिटारांवर आणणे हा आमच्याकडे हौसेपेक्षा गरजेचाच मार्ग ठरतो. ज्यांना स्टाफ नोटेशन वाचता येते, बॅरे (एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबणे) धरता येतो आणि अंगठ्याने बेस सांभाळून बोटांनी चाल वाजवण्याचा थोडाफार सराव आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

चेंबर म्युझिक म्हणजे दालनात बसून वाजवायचे संगीत: मोजके वादक, प्रत्येक ओळीला एकच वाद्य आणि पुढे उभा राहून हात हलवणारा कोणी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेणीत नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वादक स्त्रियांचे शिल्प आहे. ते पाहताना मला नेहमी हाच प्रकार आठवतो, कारण तिथेही प्रत्येकीच्या हाती वेगळे काम आहे आणि लक्ष मात्र सगळ्यांचे एकाच ठिकाणी आहे.

रूपांतर म्हणजे दुय्यम काम, असा एक समज आहे आणि तो आधी काढून टाकावा. बोकेरिनी (१७४३–१८०५) याने गिटार आणि चार तंतुवाद्यांसाठीची आपली पंचके स्वतःच्याच जुन्या रचनांवरून बेतली होती. शूबर्टने १८१४ मध्ये माटिएग्का या गिटारवादकाच्या बासरी, व्हायोला आणि गिटारच्या त्रिकुटात चेलोची ओळ घालून त्याचे चतुष्टक केले. तारेगा (१८५२–१९०९) याने मेंडेल्सनच्या ओपस १२ या स्ट्रिंग क्वार्टेटमधील (दोन व्हायोलिने, व्हायोला आणि चेलो यांच्या रचनेतील) कान्झोनेट्टा एकट्या गिटारवर आणली आणि पुढे सेगोव्हिया या गिटारवादकाने ती मैफलींत वाजवली. आपण या रांगेत शेवटी उभे आहोत एवढेच.

मुख्य गोष्ट आता सांगतो. पारावर चौघे जण तासभर बोलले आणि त्यातला एक घरी येऊन काय बोलणे झाले ते सांगू लागला, तर तो चौघांची वाक्ये एकाच वेळी उच्चारत नाही. कोणी विषय काढला, कोणी अडवले, शेवटी काय ठरले, एवढे तो सांगतो, आणि नीट सांगता आले तर ऐकणाऱ्याला चौघेही डोळ्यांसमोर दिसतात. रूपांतराचे काम नेमके हेच आहे. कोणते स्वर घ्यावेत याचा विचार सगळेच करतात; कोणते सोडावेत आणि सोडलेले कानाला जाणवू नयेत म्हणून काय करावे, यावर मात्र फार थोडे जण वेळ घालवतात.

रचना निवडताना

गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विझू लागतो. गजाने वाजणारी वाद्ये एकच स्वर धरून तो हळूहळू फुगवू शकतात; आपल्याला ते शक्य नाही. म्हणून लांबलचक धरलेल्या स्वरांवर उभी असलेली रचना, ऐकायला कितीही गोड असली तरी, सुरुवातीला घेऊ नये. बोरोदिनच्या दुसऱ्या क्वार्टेटमधील नॉक्टर्न हे याचे उत्तम उदाहरण आहे: चेलोवर सुरू होणारी ती चाल गिटारवर आणली की तिचा श्वासच तुटतो. मी दोन पावसाळे तिच्यामागे घालवले आणि शेवटी वही बंद केली.

याउलट जिथे मूळ रचनेतच तारा बोटाने छेडायला, म्हणजे पिझ्झिकाटो वाजवायला सांगितले आहे, तिथे गिटार माहेरी आल्यासारखी वागते. हायडनच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, पण आता हॉफस्टेटर याच्या समजल्या जाणाऱ्या ओपस ३, क्रमांक ५ या क्वार्टेटमधील सेरेनेड पाहावी. पहिले व्हायोलिन गाते आणि खालची तिन्ही वाद्ये तारा छेडत साथ करतात. दोन गिटारांसाठी कामाची वाटणी संगीतकारानेच करून ठेवल्यासारखे हे आहे. बोकेरिनीचा प्रसिद्ध मिनुएटही असाच सोयीचा आहे, कारण तो ए मेजरमध्ये असल्याने ए, ई आणि डी हे तिन्ही मुख्य बेस उघड्या तारांवर मिळतात. नृत्यप्रकार, कॅनन (एकच ओळ वाद्यांनी एकामागून एक सुरू करण्याचा प्रकार), दोन-तीन ओळींच्या फ्यूग (एकाच विषयावर ओळी एकमेकींना उत्तर देतात अशा रचना) या गोष्टी चालतात. दाट स्वरगुच्छांचे संथ भाग टाळावेत.

जुन्या संगीतकारांच्या मूळ स्कोअरच्या प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क टिकतो; त्यामुळे हायडन मोकळा असला तरी हयात किंवा अलीकडे वारलेल्या एखाद्या गिटारवादकाने त्याचे केलेले रूपांतर मोकळे नसते. ते विकत घ्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे मूळ स्कोअरवरून स्वतःच करावे.

स्कोअर वाचताना होणारी फसगत

गिटारचे संगीत ट्रेबल क्लेफमध्ये लिहिले जाते, पण वाजते ते लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली. याचा परिणाम असा, की व्हायोलिनची ओळ तशीच्या तशी वाचून वाजवली तर ती आपोआप खालच्या सप्तकात येते, आणि चेलोची ओळ त्याच उंचीवर हवी असेल तर गिटारच्या पानावर ती एक सप्तक वर लिहावी लागते. हे ध्यानात घेतले नाही, तर दोन ओळींमधले अंतर कागदावर एक आणि कानाला दुसरेच, असा गोंधळ होतो.

व्हायोलाची ओळ आल्टो क्लेफमध्ये असते. तिथे मधल्या रेघेवर मधला सी असतो, तर ट्रेबल क्लेफमध्ये त्याच रेघेवर बी असतो. पहिल्या खेपेस मी हा क्लेफ पाहिलाच नाही. नांदेडहून रविवारच्या गाडीने येणारा माझा मित्र वरची ओळ वाजवत होता, मी मधली, आणि जिथे सा हवा तिथे माझ्याकडून इमानेइतबारे नी वाजत होता. संध्याकाळभर आम्ही एकमेकांच्या गिटारी पुन्हा पुन्हा लावल्या, त्याने मला नवीन तारा घ्यायला सांगितल्या, मी त्याला कान तपासून घ्यायला सांगितले, आणि चूक दुसऱ्या दिवशी माझ्या पानावर सापडली. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की व्हायोलाची ओळ वाजवण्याआधी ती पेन्सिलने ट्रेबल क्लेफमध्ये उतरवून घ्यायची. म्यूझस्कोअरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत होते, पण हाताने उतरवताना ती ओळ मनात बसते. हा फायदा संगणकावर मिळत नाही.

पट्ट्याचाही विचार आधीच करावा. चेलोची सर्वांत खालची तार सी आहे आणि ती गिटारच्या खालच्या ई पेक्षा चार अर्धस्वर खाली जाते. सहावी तार ई वरून डी वर उतरवली तर दोन अर्धस्वर आणखी मिळतात. त्याखालचे स्वर एक सप्तक वर उचलण्यावाचून इलाज नाही. उचलताना मात्र एकटा स्वर उचलू नये, तो ज्या वाक्यात आहे ते सगळे वाक्य उचलावे, नाहीतर जिना उतरणारा माणूस मधल्याच पायरीवरून माळ्यावर गेल्यासारखे ऐकू येते.

की बदलण्याचा संकोच बाळगू नये. फ्लॅट असलेल्या की व्हायोलिन-व्हायोलाला चालतात; गिटारवर त्यांत उघड्या तारा मिळत नाहीत आणि डावा हात बॅरेमध्येच अडकून पडतो. वर उल्लेखलेली कान्झोनेट्टा मुळात जी मायनरमध्ये आहे. ती तीन अर्धस्वर खाली, ई मायनरमध्ये घेतली, की ई, ए आणि बी हे तिचे तिन्ही आधारस्वर उघड्या तारांवर येतात. ई, ए, डी आणि जी या कींच्या आसपास राहावे.

एक उदाहरण, जवळून

पाखेलबेलचा कॅनन लग्नांच्या व्हिडिओंमुळे सर्वांना परिचित झाला आहे; मुळात तो तीन व्हायोलिने आणि बेस यांच्यासाठीची चेंबर रचना आहे. की डी मेजर. डी ला सा मानले तर बेसचे आठ स्वर असे: सा प ध ग म सा म प. हे दोन बारांचे आवर्तन शेवटपर्यंत २८ वेळा येते आणि कधीही बदलत नाही. त्यावर पहिले व्हायोलिन ग रे सा नी ध प ध नी ही ओळ घेऊन येते; दोन बारांनंतर दुसरे व्हायोलिन तीच ओळ सुरू करते आणि त्या वेळी पहिले पुढे सरकून सा नी ध प म ग म रे वाजवत असते. आणखी दोन बारांनी तिसरे येते.

सहावी तार डी वर उतरवावी. व्हायोलिनची ओळ लिहिल्याप्रमाणे वाचावी, म्हणजे ती एक सप्तक खाली, पहिल्या चार-पाच फ्रेटांत येईल. आता दोन व्हायोलिने आणि बेस एकत्र वाजण्याची जागा घ्या. पहिल्या स्वरावर चौथी तार उघडी, दुसरी तिसऱ्या फ्रेटवर आणि पहिली दुसऱ्या फ्रेटवर. दुसऱ्यावर पाचवी आणि पहिली या दोन तारा उघड्या, दुसरी दुसऱ्या फ्रेटवर. तिसऱ्यावर वरच्या दोन ओळींना दुसरी आणि तिसरी तार लागते: दुसरीवर तिसरा फ्रेट, तिसरीवर चौथा, आणि बेससाठी पहिले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. चौथ्यावर तेच पहिले बोट दुसऱ्या फ्रेटवर आडवे टाकून दुसरी आणि तिसरी तार दाबावी आणि करंगळी सहाव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर ठेवावी. पाचव्यावर वरच्या दोन्ही तारा उघड्या मिळतात आणि करंगळी त्याच सहाव्या तारेवर फक्त एक फ्रेट पुढे सरकते. ती उचलू नये, सरकवावी. बेस जोडलेला राहण्याचे सगळे रहस्य त्या सरकण्यात आहे.

सहाव्या स्वरावर तार उतरवल्याचा खरा उपयोग कळतो. येथे वरच्या ओळी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या आणि चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर असतात, म्हणजे उघडी चौथी तार बेसला मिळत नाही. तार न उतरवता हा सा पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजवता येतो, अशक्य नाही. पण मग बेस म वरून खालच्या सा वर न उतरता वरच्या सा वर उडी मारतो आणि आवर्तनाचा तोल जातो. उतरवलेली सहावी तार उघडी छेडली, की तो खोल सा घुमतो आणि डाव्या हाताला क्षणभर विश्रांतीही मिळते. सातवा स्वर पाचव्यासारखाच. आठव्यावर पाचवी तार उघडी, चौथी आणि दुसरी दुसऱ्या फ्रेटवर.

तिसरे व्हायोलिन आले की एकट्या गिटारला चारही ओळी पेलत नाहीत, कारण त्याच वेळी पहिले व्हायोलिन दुप्पट गतीच्या स्वरांकडे वळते. येथे माझा उपाय असा: बेस पूर्ण ठेवावा, पहिल्याची धावती ओळ ठेवावी, दुसऱ्याची ओळ सोडून द्यावी आणि तिसऱ्याचे फक्त सुरुवातीचे दोन-तीन स्वर ठळक वाजवून नंतर तेही सोडावेत. नवीन माणूस दालनात आलेला दिसला पाहिजे. तो आत आहे हे एकदा कळले की पुढचे कान स्वतःच भरून काढतो, कारण ती ओळ त्याने आधी दोनदा ऐकलेली असते. दोन गिटारा असतील तर अर्थातच इतकी काटकसर नको.

सराव करताना बेस वाजवत वरची ओळ सरगममध्ये गावी, मग वरची ओळ वाजवत बेस गावा. लाज वाटत असेल तर दार लावून गावे, पण गावेच. बोटांना ठाऊक असलेली आणि गळ्याला ठाऊक नसलेली ओळ श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

गजाच्या खुणा आणि वाद्यांचे रंग

तंतुवाद्यांच्या स्कोअरमध्ये स्वरांवर ज्या कमानी असतात, त्या गज न उचलता एकाच ओढीत वाजवण्याच्या खुणा असतात. गिटारच्या पानावर तशीच कमान हॅमर-ऑन किंवा पुल-ऑफ, म्हणजे पुन्हा न छेडता डाव्या हाताच्या बोटाने काढलेला स्वर, दाखवते. या दोन गोष्टी एक समजून सात-सात स्वर डाव्या हातानेच वाजवू पाहणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि शेवटचे स्वर ऐकू न येण्यापलीकडे त्यातून काही निष्पन्न होत नाही. कमान ही वाक्याची खूण मानावी, त्यातला पहिला स्वर किंचित वजनाने आणि शेवटचा हलका वाजवावा आणि प्रत्यक्ष स्लर फार तर जोडीजोडीने घ्यावेत.

धरलेल्या लांब स्वराचे काय करावे, याला एकच उत्तर नाही. कधी गती थोडी वाढवली तरी भागते. कधी तो स्वर बारच्या मध्यावर पुन्हा छेडावा. कधी साथीचा स्वरगुच्छ मोडून एकेक स्वर क्रमाने वाजवावा, म्हणजे हालचाल चालू राहते आणि वरचा स्वर विझल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. ट्रेमोलो, म्हणजे एकच स्वर बोटांनी भराभर छेडत राहणे, हा उपाय सर्वांना आधी सुचतो, पण तो मिठासारखा वापरावा. सगळी चाल ट्रेमोलोत वाजली की व्हायोलिनचा भास होण्याऐवजी मॅन्डोलिनचाच होतो.

चार वाद्ये एका गिटारवर वेगवेगळी ऐकू यावीत, यासाठी उजव्या हाताची जागा हे सर्वांत स्वस्त आणि प्रभावी साधन आहे. चेलोची ओळ अंगठ्याच्या मांसल भागाने, नख न लावता वाजवावी. चाल अपोयांदोने, म्हणजे बोट पुढच्या तारेवर टेकवून, आणि थोड्या व्हायब्रॅटोसह वाजवावी. मधल्या ओळी तिरांदोने, म्हणजे बोट शेजारच्या तारेवर न टेकवता, ध्वनिछिद्राच्या वर, आवाज दाबून. पिझ्झिकाटोसाठी तळहाताची कड ब्रिजवर अलगद टेकवून अंगठ्याने तारा छेडाव्यात. कड इंचभर पुढे गेली की आवाज मुका होतो, मागे राहिली की काहीच फरक पडत नाही, म्हणून ती नेमकी जागा स्वतःच्या गिटारवर शोधून ठेवावी. वाद्यांची प्रश्नोत्तरे असतील तिथे प्रश्न ध्वनिछिद्राजवळ आणि उत्तर ब्रिजजवळ द्यावे. हे रंग वाक्य बदलताना बदलावेत; दर बारला बदलले तर कानांना दमायला होते.

दोघे जण असाल तर एकाने कायम वरची आणि दुसऱ्याने कायम खालची ओळ, अशी वाटणी करू नये. चाल ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे जाऊ द्यावी, कारण तिसऱ्या पानापर्यंत खालची ओळ वाजवणारा माणूस कंटाळलेला स्पष्ट ऐकू येतो. सुरुवात मोजून करण्यापेक्षा श्वासाने करावी: चाल ज्याच्याकडे आहे त्याने सुरुवातीच्या गतीतच ऐकू येईल असा श्वास घ्यावा आणि दोघांनी त्याच्या अखेरीस समेवर यावे. तबला-पेटीच्या साथीला बसलेल्यांना हे शिकवावे लागत नाही. खऱ्या व्हायोलिनवाल्यासोबत वाजवणार असाल तर त्याला आधी जी-डी-ए-ई अशा तारा लावायची विनंती करावी आणि गिटारसाठी छोटा मायक्रोफोन मागून घ्यावा. व्हायोलिनपुढे नायलॉनच्या तारा तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाहीत.

उन्हाळा, तारा आणि पंखा

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडची हवा इतकी कोरडी होते, की लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेने हाताला बोचू लागतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी केसमध्ये ठेवावी आणि दर दोन दिवसांनी पाहावी; कूलरच्या थेट झोतात गिटार उभी करू नये.

सहावी तार डी वर उतरवली की ती काही वेळ आपोआप चढत राहते. म्हणून ती डी च्या किंचित खाली उतरवावी, हलकेच ओढून ताण बसवावा आणि मग वर आणून लावावी. कार्यक्रमात डी चे तुकडे एकत्र ठेवावेत, म्हणजे दर वेळी श्रोत्यांसमोर खुंटी पिळत बसावे लागत नाही.

घरच्या बैठकीत वाजवायचे असेल तर पानांची व्यवस्था आधी करावी. चेंबर म्युझिकची पाने लांबतात, उलटायला हात मोकळा नसतो आणि छताचा पंखा कोणी बंद करू देत नाही. आम्ही तीन पाने पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवतो आणि वरखाली कपड्यांचे चिमटे लावतो. लाकडी चिमटे घ्यावेत. प्लॅस्टिकचे उन्हाने ठिसूळ झालेले असतात आणि नेमके शांत जागी तुटतात.